वुबकरांचा चांदीचा डॉलर

बागेत कोणी खड्डा खणला की तो माझ्या अंगणातच खणला असं मला वाटायचं. बत्तीस वर्षं मी न्यू वेसल गावाच्या सार्वजनिक बागेचा मुकादम होतो. गवत कापणं, बाकं रंगवणं, बेसबॉलच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारणं, चर्चच्या पिकनिकनंतर कोंबडीची हाडं वेचणं, सगळं माझ्या गळ्यात. त्यामुळे डोक्याला हेडफोन लावून, काठीच्या टोकाची धातू हुडकणारी थाळी गवतावर फिरवत जुनी नाणी शोधणारी माणसं माझ्या डोक्यात जायची. घुशी परवडल्या. त्या निदान खड्डा खणून वर माझ्याशी गप्पा मारायला येत नाहीत.

लिओटा होमन पहिल्यांदा परवाना मागायला आली ते सत्त्याण्णव साल. शाळेच्या खानावळीतून ती नुकतीच निवृत्त झाली होती. बत्तीस वर्षं तिने अख्ख्या गावाच्या पोरांना बटाट्याच्या कुस्करीवर नूडल्स वाढले होते. त्या पोरांत मीही होतो.

"मिसेस होमन," मी म्हणालो, "तुम्हाला नाही म्हणायचं माझ्या जिवावर येतंय. पण बागेत खणायला मी कुणाला देत नाही."

"तू गाजरं रुमालात लपवणारा व्हर्न ना?"

"हो."

"मी कधी तुझ्या आईला सांगितलं?"

"नाही."

"मग चल बाहेर. आणि लिओटा म्हण. मिसेस होमन म्हणजे माझी सासू, आणि तिला बोलवायची हौस कुणालाच नव्हती."

बाहेर बागेतल्या लाकडी मांडवाजवळ, म्हणजे जिथे रविवारी बँड वाजतो तिथे, तिने मला पाठ करून उभं राहायला सांगितलं. पंधरा मिनिटांनी म्हणाली, "आता शोध. मी तीन ठिकाणी खणलंय."

मी गुडघ्यांवर बसलो. हाताने गवत विंचरलं. बागेतलं पातं न् पातं ओळखतो अशी माझी समजूत होती, पण मला एकही खड्डा सापडला नाही. ती गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापायची आणि चौथी बाजू तशीच ठेवायची, म्हणजे डब्याचं झाकण उघडावं तसा तो उघडायचा. माती शेजारी पसरलेल्या टॉवेलवर काढायची, वस्तू मिळाली की सगळी माती परत आत ओतायची, झाकण लावायची आणि वर बाटलीतलं पाणी शिंपडायची. टॉवेलवर मातीचा कण उरायचा नाही.

मी परवाना लिहून दिला. तिला "तू" म्हणायला मात्र माझ्या जिभेने वर्षभर घेतलं.

तिची शिस्त अशी. जे खणेल ते उचलायचं, कचरासुद्धा. दर शरदात ती कॉफीचा एक डबा माझ्या टेबलावर आणून आपटायची. त्यात शीतपेयाच्या डब्यांच्या सुट्या कड्या, बाटल्यांची झाकणं, गंजलेले खिळे. "तुझा वाटा," म्हणायची. खिशात न मावण्याइतकी धार्मिक पदकं तिला सापडायची, कारण आमच्या गावात प्रत्येकाच्या गळ्यात एक असतंच. ती सगळी ती चर्चच्या दारातल्या पेटीत नेऊन टाकायची. नाव कोरलेली वस्तू मिळाली तर नावाच्या माणसाच्या घरी जायची, आणि माणूस गेलेला असेल तर त्याच्या मुलांकडे. आणि नाणं कधी चोळायचं नाही. पाणी ओतायचं, वाळू द्यायचं. मातीचा बारीक कण अंगठ्याखाली फिरला की नाण्याचा चेहरा गेलाच, असं ती मला इतक्या वेळा बजावायची, जसं काही मीच तिची नाणी चोळत होतो.

गव्हाच्या ओंब्या छापलेले जुने सेंट, रानबैल छापलेले पाच सेंट, चांदीचे बारीक दहा सेंट. तिच्याकडे अंड्यांच्या पुठ्ठ्यांमध्ये मांडून ठेवलेली शेकडो नाणी होती. पण तिचा जीव त्यांच्यात नव्हता हे मला दोनेक वर्षांतच कळलं. बाग चाळीस एकरांची. त्यात ती पुन्हा पुन्हा जायची बेसबॉलच्या मैदानावर. खेळाडूंच्या बाकामागे, कुंपणाच्या कडेने, चेंडू टाकणाऱ्याच्या उंचवट्याभोवती. एकेक पट्टा दोऱ्या बांधून, आधी उभा, मग आडवा.

"तिथे आता काय शिल्लक असणार?" मी एकदा विचारलं. "तू त्या मैदानाची चाळण केलीस."

तेव्हा बाकावर बसून, थर्मासच्या झाकणातून कॉफी पीत, तिने मला सगळं सांगितलं.

तिचा बाप अलॉइस वुबकर. जन्म एकोणीसशे चारचा. त्याच्या बापाने त्याला त्याच्याच जन्मसालाचा चांदीचा डॉलर दिला होता, आणि मागच्या बाजूला गरुडाच्या पंखाखाली चाकूच्या टोकाने त्याच्या नावाची दोन अक्षरं कोरली होती. अलॉइसने तो खर्च करण्यासाठी नाही, खिशात बाळगण्यासाठी ठेवला. अंगठ्याने चोळून चोळून त्याचा मुखडा पार गुळगुळीत झाला होता. लिओटाचा भाऊ नॉर्बर्ट गावाच्या संघात चेंडू टाकायचा. सामन्याच्या दिवशी बाप तो डॉलर शकुन म्हणून त्याच्या खिशात द्यायचा. सामना संपला की नॉर्बने तो घरी आणून बापाच्या कपाटावर, घडी घातलेल्या रुमालाच्या मधोमध ठेवायचा. हा त्यांच्या घरचा रिवाज.

बावन्न सालच्या ऑगस्टमध्ये शनिवारी सामना झाला, रविवारी चर्चची पिकनिक, आणि रविवारी संध्याकाळी बाप विचारू लागला की डॉलर कुठे आहे. नॉर्ब म्हणाला, काल ठेवला रुमालावर. बाप म्हणाला, ठेवला असता तर असता. नॉर्ब म्हणाला, ठेवला. बाप म्हणाला, मैदानावर तो डॉलर हरवलास हे एक वेळ चाललं असतं, पण माझ्या घरात खोटं बोलतोस? मंगळवारी नॉर्ब सैन्यात जायला बसमध्ये चढला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. बापाने हात पुढे केला नाही. कोरियातून तो धड परत आला, लग्न केलं, दोन गल्ल्या पलीकडे घर घेतलं. नाताळच्या जेवणाला दर वर्षी यायचा आणि बापाशी मक्यावर नि पावसावर बोलायचा. बाप एकाहत्तर साली गेला. त्या डॉलरबद्दल शेवटपर्यंत चकार शब्द नाही.

"मी नऊ वर्षांची होते," लिओटा म्हणाली. "स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला तो डॉलर सापडायला हवा, व्हर्न. बस्स. नॉर्बच्या हातात ठेवीन आणि म्हणेन, हा बघ, खिशातून पडला होता. पडतात वस्तू. आता सोडून दे."

मला ते फार आवडलं. इतकं की बाकीच्या नाणीवाल्यांना हाकलून मी मैदान तिच्यासाठी राखून ठेवायला लागलो. हा अन्याय होता, पण बागेचा मुकादम मी होतो.

नॉर्ब मधूनमधून यायचा. त्याची जुनी हिरवी पिकअप मैदानाच्या कुंपणाला लागायची, काच खाली व्हायची, आणि तो शेंगदाणे खात बहिणीकडे बघत बसायचा. अर्धा तास, तासभर. गाडीतून कधी उतरला नाही. ती हात करायची, तोही दोन बोटं वर करायचा. भावाचा बहिणीवर केवढा जीव, असं मी माझ्या बायकोला सांगायचो.

वीस वर्षं हे असं चाललं. लिओटाचे गुडघे गेले. मग ती एक छोटं स्टूल आणि फुटबॉल खेळणाऱ्यांचे गुडघ्याचे पट्टे घेऊन यायला लागली. नवरा वारला, त्याच आठवड्यात शुक्रवारी ती मैदानावर हजर.  त्या दिवशी तिला चौदा सेंट आणि एक चावी मिळाली.

दोन हजार सतराच्या वसंतात गावाच्या कौन्सिलने ठरवलं की लोकांना पिकलबॉल, म्हणजे लाकडी फळीने खेळायचं छोटं टेनिस, पाहिजे. आमच्याकडे आता सत्तरीच्या वरचा जो तो हातात फळी घेऊन फिरतो. त्याच्यासाठी सहा कोर्टं बांधायची, डांबर घालायचं, आणि जागा ठरली ती नालफेकीच्या खड्ड्यांची. घोड्याचे नाल फेकायचा खेळ आता कुणी खेळत नव्हतं हे खरं आहे. चौदा जोड्या खड्डे, प्रत्येकात लोखंडी खुंट रोवलेला, भोवती निळसर चिकणमाती, मागे रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर. नाल फेकून खुंटात अडकवायचा, एवढाच खेळ, पण त्यापायी आमच्या गावात एकेकाळी सोयरिकी मोडल्या आहेत.

तिथे एक पितळी पाटीही होती: "अलॉइस वुबकर यांच्या स्मरणार्थ, ज्यांनी या खड्ड्यांची निष्ठेने निगा राखली." लिओटाला त्या पाटीचा भारी अभिमान. ती पुसायची. "रोज संध्याकाळी जेवण झालं की बाबा दंताळं घेऊन इथे यायचे," ती सांगायची. "मी कडेच्या बाकावर बसायचे. खुंटाभोवतीची माती ते पार पिठासारखी करायचे. ढेकूळ दिसलं की हाताने फोडायचे. स्वतः खेळणं सोडलं होतं त्यांनी, पाठ धरायची, पण माती कुणाला हात लावू दिली नाही. वीस वर्षं!"

खड्ड्यांत मात्र तिने कधी मशीन चालवलं नव्हतं. चौदा जोड्या लोखंडी खुंट, स्लीपरांत हातभर लांब खिळे. थाळी नेली की मशीन नुसतं किंचाळतं. लोखंडाच्या शेजारी चांदी पडली असेल तरी तिचा आवाज त्या किंचाळण्यात बुडून जातो. नाणीवाली माणसं अशा जागेकडे वळत नाहीत.

शुक्रवारी मी ट्रॅक्टरने साखळी लावून सगळे खुंट उपटले आणि स्लीपर ओढून काढले. सोमवारी ठेकेदार येणार होता. शनिवारी सकाळी लिओटा आली ती टॉवेल, स्टूल आणि पिशवीभर अंड्याची सँडविचेस घेऊन.

"पुरुष इथे तासन्तास वाकत होते," ती म्हणाली. "वाकणाऱ्याच्या खिशातून चिल्लर पडते. दहा-बारा चांदीचे दहा सेंट मिळाले तरी आज माझा सण."

"आणि बेसबॉलचं मैदान?"

"ते कुठे पळतंय?" मग म्हणाली, "नॉर्बचं हृदय पंचवीस टक्के चालतंय, व्हर्न. डॉक्टरांनी आकडा सांगितला. मी सोमवारपासून रोज येणार मैदानावर. तुझ्या परवान्यात काय लिहायचं ते लिही."

मी पाटी पान्याने सोडवत होतो. पाठीमागे तिचं मशीन बारीक बारीक कुरकुरत होतं. अकराच्या सुमारास कुरकुर थांबली. बराच वेळ आवाज नाही म्हणून मी वळून बघितलं. ती तिसऱ्या खड्ड्याच्या मागे, जिथून मी आदल्या दिवशी स्लीपर काढला होता त्या चरात, गुडघ्यांवर बसली होती.

"काय गं? गुडघा अडकला का?"

 मी गेलो. तिच्या हातात एक मोठं, राखाडी, गोल नाणं होतं, चिकणमातीने माखलेलं. शेजारी पाण्याची बाटली आडवी पडली होती, पाणी सगळं सांडून गेलं होतं. वीस वर्षांत मी पहिल्यांदा तिला नाणं चोळताना पाहिलं. ती अंगठ्याने चोळत होती, जोरजोरात. गरुडाचा पंख दिसला आणि पंखाखाली चाकूने कोरलेली दोन अक्षरं.

मी आनंदाने ओरडणार होतो. तेवढ्यात तिचा चेहरा दिसला.

"नॉर्ब इथे खेळायचा?" मी विचारलं.

"नाही. पोरांना इथे मनाई होती. इथे बापमाणसं खेळायची." ती त्या चराकडे बघत होती. "त्या रविवारी पिकनिकला बाबा दुपारभर इथेच होते. उकाडा होता. रुमालाने मान पुसत होते."

मला कळायला थोडा वेळ लागला. नॉर्बने शनिवारी डॉलर रुमालावर ठेवला होता. रविवारी सकाळी घाईत अलॉइसने रुमाल उचलून खिशात कोंबला, त्याच्यासोबत डॉलरही. नाल फेकता फेकता घाम पुसायला रुमाल ओढला, आणि डॉलर निसटून स्लीपरच्या फटीत गेला. म्हणजे तो बापाच्याच खिशातून पडला होता.

"ते माती मऊ करत नव्हते, व्हर्न," लिओटा म्हणाली.

मी हातातल्या पाटीकडे बघितलं. नॉर्ब बसमध्ये बसून गेल्यावर कधीतरी त्या माणसाला रुमाल आठवला असणार. मग तो वीस वर्षं रोज संध्याकाळी इथे आला, ढेकळं फोडली, आणि सापडलं नाही म्हणून घरी गेला. सापडलं असतं तर तो बोलला असता का, कोण जाणे. न सापडताही बोलता आलं असतं. दोन गल्ल्या पलीकडे तर राहत होता मुलगा. मला त्या मेलेल्या माणसाचा असा राग आला की पाटी मी ट्रकच्या मागच्या भागात आपटली.

"मला नॉर्बकडे ने," ती म्हणाली. "माझ्याने गाडी चालवली जायची नाही."

नॉर्ब स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, पुढ्यात पत्ते मांडून एकटाच खेळत. नाकात ऑक्सिजनची नळी. मला बघून म्हणाला, "काय रे, बागेला सुट्टी दिलीस?" आणि मग बहिणीचा चेहरा दिसला.

लिओटाने नाणं टेबलावर ठेवलं. वीस वर्षं घोकलेलं वाक्य तिला आता म्हणता येणार नव्हतं, आणि दुसरं तिच्याकडे नव्हतं. नॉर्बने नाण्याला हात लावला नाही. वाकून दोन अक्षरं बघितली.

"कुठे?"

"नालफेकीच्या खड्ड्यात. तिसऱ्या. स्लीपरच्या खाली."

 यंत्रातून त्याच्यासाठी हवा येत होती, तिचा तेवढा आवाज. मी दाराशी टोपी हातात घेऊन उभा होतो आणि तो आता बापाबद्दल काहीतरी बोलेल अशी वाट बघत होतो.

"वीस वर्षं तू बेसबॉलच्या मैदानावर शोधत होतीस, लिओटा," तो म्हणाला.

आवाजात राग नव्हता. पत्ते वाटावेत तसा तो बोलला. पण मला ती हिरवी पिकअप आठवली, खाली केलेली काच, वर केलेली दोन बोटं. बहीण दोऱ्या बांधून, पट्टे पाडून, तो जिथे उभा राहून चेंडू टाकायचा तिथे शोधत होती, आणि ती कशासाठी शोधते आहे हे पुढे गावात सगळ्यांना माहीत झालं होतं. तो येऊन बघायचा आणि न बोलता निघून जायचा. मीही ते मैदान तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. लिओटाला नि मला, दोघांनाही, कधी दुसरीकडे शोधावंसं वाटलं नव्हतं.

"हो," लिओटा म्हणाली. ती खुर्ची न ओढता उभीच होती. "मला वाटलं होतं तू डॉलर हरवलास आणि भीतीने बोलला नाहीस. मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, नॉर्ब. मला माफ कर."

"तू नऊ वर्षांची होतीस."

"तेव्हा नऊची होते. नंतर चौऱ्याहत्तरची झाले."

तो हसला. खरंच हसला, आणि हसण्याने त्याला धाप लागली. ती पुढे झाली तर त्याने हाताने तिला थांबवलं. मग पँटच्या मागच्या खिशातून रुमाल काढला, पत्ते बाजूला सारले, रुमालाची चौपदरी घडी घातली आणि टेबलावर तळहाताने सपाट केली. घडी अगदी कोपऱ्याला कोपरा लावून घातली. नाणं उचलून त्याने रुमालाच्या मधोमध ठेवलं, गुळगुळीत झालेला मुखडा वर करून, आणि हात मागे घेतला.

"असा ठेवला होता," तो म्हणाला. "दिसला?"

"दिसला," लिओटा म्हणाली.